वळूची चौकशी

एकतीस वर्षं मोटारसायकलला
नायट्रोजनचा कॅन बांधून हिंडलो,
पानशेतच्या अलीकडे, पलीकडे, रस्ता संपेल तिथवर.
झाकण उघडलं की पांढरी वाफ.
पोरं म्हणायची, डॉक्टर, बर्फाचा गोळा द्या.
मी डॉक्टर नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक.
पण असली दुरुस्ती कुणी करत बसत नाही.

कांडी कोमट पाण्यात, अर्धा मिनिट.
डावा हात खांद्यापर्यंत आत.
जर्सी, होल्स्टीन, पुन्हा जर्सी.

आणि दिवाळी झाली की दुसरी मोहीम: चिमटा.
गावठी वळू दिसला की आडवा पाडायचा,
चार माणसं, एक दोर,
मग नस मोडल्याचा आवाज,
ओल्या काटकीसारखा.
रकाना नऊ: खच्ची.
रकाना रिकामा राहिला की वरून पत्र यायचं.
एका वर्षी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
ते अजून चालतं.

आता राहतो वारज्याला, तिसऱ्या मजल्यावर,
आणि धरणामागे सव्वा एकर उतार घेतलाय.
त्यावर चार गाई, मावळातल्या, बुटक्या,
माझ्या कमरेला लागतील न लागतील.
खूर काळे, गारगोटीचे.
चार महिने चिखलात उभ्या राहिल्या तरी कुजत नाहीत.
कड्यालगत चरतात तेव्हा
डोंगर त्यांना सपाट वाटत असावा.

मुलगा विचारतो, दूध किती?
दीड लिटर. वासराचं पोट भरून उरलं तर.
तो मोबाईलवर काहीतरी भागाकार करतो
आणि सभ्यपणे गप्प बसतो.

गाई मिळाल्या. वळू मिळेना.
वेल्ह्याच्या बाजारात विचारलं,
शिरकोलीला, घोळला विचारलं.
म्हणायचे, होता की साहेब, चांगला होता,
तुम्हीच तर...
पुढचं कुणी बोललं नाही. चहा मात्र पाजला.

शेवटी माथ्यावरचा धनगरपाडा. ठकूबाई ढेबे.
तिने घोंगडी अंथरली, मला ओळखलं,
चेहऱ्यावरून नाही, खोकल्यावरून.
"तुमी खोकत खोकत चढायचा.
खिंडीत खोकला ऐकला की
आमी खोंड कारवीत न्हेऊन बांधायचो.
तोंडाला मुसकं, म्हंजी हंबरू ने."
किती वर्षं?
"तुमची बदली हुईस्तवर."

त्या पाड्यापुढे मी दर साली लिहायचो:
वळू आढळला नाही.
खाली सही, शिक्का.
माझ्या सगळ्या नोंदींत
एवढी एकच खोटी निघाली,
आणि मी तिच्याच आशेवर इथवर चढलो होतो.

तिने हाळी दिली.
कारवीतून आला तो त्याच खोंडाचा पणतू.
तांबडा, कपाळावर रुपयाएवढा चांद,
वशिंड लहान, पण ताठ.
माझा हात हुंगला. डावा.
मी तो खिशात घातला.

विकत मागितला.
"इकायचा न्हाई. गाय माजावर आली की आणा.
आन् तुमची एक गाय हितं ठेवा कायमची.
ह्या तिघी त्याच्याच लेकी.
त्यांच्यापाशी त्याला सोडत न्हाई मी."
हेच शिकवायला खात्याने
तीन दिवस नाशिकला नेलं होतं,
फळ्यावर बाण काढून.
जेवण बरं होतं.

परवा चिंगळी माजावर आली.
पहाटेच निघालो.
ना कॅन, ना कांडी, ना हातमोजा.
एक दोर, गुळाचा खडा.
ती पुढे, मी मागे;
वाट तिला माहीत असल्यासारखी.
खिंडीत मला खोकला आला,
दाबून पाहिला, दबेना.

वर पाड्यात कुत्रं भुंकलं.
कुणीतरी दार लोटलं.
कारवीकडे मात्र
कुणी धावलं नाही.